बिनफटीचं झाकण

नाना लेकीच्या घरी राहायला आले त्याला तीन महिने होत आले होते, आणि या तीन महिन्यांत त्यांना एकही फुटकी काच सापडली नव्हती. शोधली नाही असं नव्हे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या खिडक्या आतून-बाहेरून तपासल्या, न्हाणीघरातला आरसा हलवून पाहिला, कपाटांच्या सरकत्या काचा पुढेमागे करून पाहिल्या. सगळं जागच्या जागी. जावई इतका टापटिपीचा, की नानांना मनातून त्याचा रागच आला. सासरा राहायला येणार म्हटल्यावर माणसाने एखादी तडा गेलेली काच तरी घरात ठेवावी की नाही?

चाळीस वर्षं नानांनी खिडक्यांना काचा बसवल्या होत्या. त्यांच्या धंद्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, आणि नानांच्या कामात सूतभरही फट राहत नाही अशी ख्याती होती. त्यावरून लोकांनी त्यांचं नावच ‘सूतभर’ पाडलं. "सूतभरांच्या खिडकीतून वारासुद्धा परवानगी घेऊन येतो," असं कोणी म्हणालं की नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मग दिवसभर खुशीत असत. पुढे बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, दुकान भाच्याच्या हाती सोपवलं. लेक म्हणाली, "नाना, आता माझ्याकडेच या." नाना म्हणाले, "तीन महिने राहून बघतो." जुनी भाड्याची खोली त्यांनी तशीच ठेवली होती. ठेवतोय की सोडतोय, ते मालकीणबाईंना येत्या रविवारी कळवायचं होतं.

खरं सांगायचं तर सोडावी असं त्यांना फार वाटत होतं. लेक बेकरीत भट्टीवरची मुख्य. अंधारात उठून जायची आणि दुपारी गरम पाव घेऊन परत यायची. घरात उजेड होता, गादी मऊ होती, चहा आयता मिळत होता. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे जावई. तो वाईट होता असं नाही. वाईट असता तर सोपं होतं, भांडता तरी आलं असतं. तो अतिशय चांगला होता. नाना पाण्याचा तांब्या उचलायला गेले की म्हणायचा, "नाना, तुम्ही बसा." नानांनी खुर्ची सरकवली की, "राहू द्या, तुम्ही बसा." बसून बसून नानांच्या पँटीचं बूड विरलं. पाहुण्यालाच असं बसवतात, आणि तीन महिने पाहुणा म्हणून राहणं म्हणजे शिक्षाच की. घरात आपल्या हातचं एक तरी काम असावं, तेवढं जमलं तर राहू, नाहीतर आपली खोली बरी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बोलून मात्र कुणालाच दाखवलं नव्हतं.

जावयाचा धंदा कवळ्या करण्याचा. दिवसभर तो दुसऱ्यांच्या तोंडाचे साचे समोर ठेवून दात लावत बसे, आणि संध्याकाळी घरी आला की माशांच्या टाकीसमोर स्टूल घेऊन बसे. टाकी तीन फूट लांब, आत हिरवी झुडपं, आणि त्यांतून सुळसुळणारे पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे. वर दिवा टांगलेला. झाकण नाही.

झाकणावरून त्या नवराबायकोत जुनं भांडण होतं. लेक म्हणायची, उघड्या भांड्यात धूळ जाते, पाणी उडतं, मासा उडी मारतो. जावई म्हणायचा, झाकणाने उजेड अडतो, पाणी कोंदटतं, आणि वरून बघण्यातली मजाच जाते. "दिवसभर मी बंद तोंडंच उघडत असतो," तो म्हणे, "घरी तरी काहीतरी उघडं असू दे."

मग एक दिवस झाडताना लेकीला सोफ्याखाली एक मासा सापडला. जावयाने टाकीतलं पाणी चार बोटं कमी केलं आणि म्हणाला, आता नाही उडणार. त्या मंगळवारी सकाळी दुसरा मासा सापडला, तो नानांना, खुर्चीच्या पायाशी, वाळून काडीसारखा झालेला. जावयाने तो दोन बोटांत उचलला, कुंडीतल्या मातीत पुरला, हात धुतले आणि चहा अर्धा टाकून कामावर गेला. अकराचे नऊ झाले होते.

"झाकण करू या का?" संध्याकाळी नानांनी विचारलं.

"बघू," जावई म्हणाला. "तुम्ही बसा नाना. मी बघतो काय ते."

हे ‘तुम्ही बसा’ नानांना फार लागलं. काचेचं काम, आणि तेही सूतभरांनी बसून बघायचं? हे म्हणजे सुताराच्या घरी पाट नसण्यातलाच प्रकार! बुधवारी घरात कोणी नसताना त्यांनी कानावर पेन्सिल अडकवली आणि टाकीचं माप घेतलं. एकदा घेतलं, पुसलं, परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा हात थरथरला नाही याचा त्यांना आनंद झाला. टाकीच्या तोंडाशी आतून काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्यांवर झाकण अलगद बसणार होतं.

शुक्रवारी ते भाच्याच्या दुकानात गेले. भाचा म्हणाला, "मामा, माप सांगा, मी कापतो." नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप चहा सांगायला गेला. मग नानांनी काच कापायची हिरकणी हातात घेतली, पट्टी धरली आणि काचेवर एकच रेघ ओढली. त्या रेघेचा आवाज तीन महिन्यांनी कानांवर पडला तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की दुसरीही काच उगाचच कापून टाकावी असं क्षणभर मनात आलं. कडा दगडावर घासल्या. फिल्टरची वायर जायला एक खाच काढली, वायरीच्या जाडीची, अगदी तेवढीच. आणि शेवटी, खिडकीला लावतात तशी, चारही बाजूंनी रबराची मऊ गोट लावली. काच काचेवर खडखडायला नको, आणि फट तर नकोच नको. गोधडीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन, एका बाईने "आजोबा, बाळ आहे का?" म्हणून विचारलं त्यावर नुसती मान हलवून, नानांनी ते झाकण घरी आणलं.

जावई संध्याकाळी आला तेव्हा झाकण बसलेलं होतं. नानांनी एक कड टेकवली होती आणि दुसरीखालून तळहात हळूच काढून घेतला होता. काच ‘सूं’ करून खाली बसली आणि थांबली. जावई टाकीभोवती एक फेरी मारून आला. त्याने नख लावून पाहिलं, वाकून पाहिलं, गालाला हात लावून उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "हे आहे कुठे? दिसतच नाही."

लेकीने टाळ्या वाजवल्या. माशांचं खाणं आधीच घालून झालं होतं, त्यामुळे झाकण उघडायचा प्रश्नच आला नाही. जावई नेहमीसारखा स्टुलावर बसला आणि त्याने शेजारी दुसरं स्टूल ओढलं. दोघांनी तासभर मासे बघितले. त्या संध्याकाळी नाना अगदी मनापासून सुखी होते, आणि झोपताना त्यांनी मालकीणबाईंशी बोलायचं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

शनिवारी सकाळी लेक कामावर गेल्यावर नाना उठले, आणि आधी चहाकडे न जाता टाकीकडे गेले. नऊच्या नऊ मासे वर होते. पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून सगळे एका ओळीत उभे, आणि तोंडांची सारखी उघडझाप चाललेली. काचेला आतून दव धरलं होतं.

"अरे वा, भूक लागली वाटतं," नाना म्हणाले. त्यांनी डबीतून चिमूटभर खाणं घेतलं, आणि चिमूट हातात तशीच राहिली. घालायचं कुठून?

झाकणाला मूठ नव्हती. खिडकीच्या काचेला कुठे मूठ असते? त्यांनी कडेला नख घालून पाहिलं, नख जाईना. पोस्टकार्ड घालून पाहिलं, पोस्टकार्ड दुमडलं. वायरीची खाच तर त्यांनी अशी काढली होती की तिथून मुंगीला जायचं म्हटलं तरी अंग चोरावं लागलं असतं. चिकटपट्टीचे दोन लांब तुकडे काचेवर चिकटवून त्यांनी वर ओढलं, तर पट्ट्या सोलून हातात आल्या आणि काच जागची हलली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नानांना स्वतःच्या कामात फट हवी होती.

आणि मग त्यांना कळलं. मासे भुकेले नव्हते. त्यांना हवा हवी होती.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी झाकण केलंच नव्हतं, खिडकी केली होती. वारा, धूळ, पाऊस सगळं बाहेर ठेवणारी, जन्मभर केली तशी. फरक एवढाच की खिडकीच्या आतल्या माणसाला दार असतं. हातोडी घ्यावी असं मनात आलं, पण काच फुटली तर तुकडे आतच पडणार. एक छोटा मासा ओळीतून सुटला आणि हळूहळू कुशीवर कलला.

"जावईबापू!" नाना ओरडले. "अहो, लवकर या! मरतायत हे!"

जावई दात घासत होता, तो तोंडात फेस घेऊनच धावत आला. त्याने माशांकडे बघितलं, दवाकडे बघितलं, सोललेल्या चिकटपट्टीकडे बघितलं. काहीतरी बोलायला गेला तर नुसते बुडबुडे आले. तो तसाच आत पळाला आणि त्याची कामाची पिशवी घेऊन आला. पिशवीतून एक पातळ, लवचीक पाती काढली, मेणाचे साचे कापायची. फेस थुंकायला वेळ नव्हता म्हणून त्याने तो गिळला.

"ओढायचं नाही," तो म्हणाला. "ओढलं की आणखी घट्ट बसतं. काल दिव्याने आतली हवा तापली, रात्री गार होऊन आखडली. आता तीच झाकणाला खाली ओढून धरतेय. कवळी अशीच तर बसते टाळूला."

त्याने पाती पाण्यात बुडवली, रबर आणि काच यांच्यामध्ये कोपऱ्याशी टेकवली, आणि जराही जोर न लावता हलवत हलवत आत सरकवली. नाना वाकून बघत होते. इतका हलका हात त्यांनी धंद्यात कुणाचा पाहिला नव्हता, स्वतःचासुद्धा नाही. ‘फुस्स’ असा बारीक आवाज झाला.

"आता चिकटपट्टी!" जावई म्हणाला. नानांनी पट्टी चिकटवली, दोघांनी मिळून कड वर उचलली, आणि झाकण निघालं. जावयाने वाटीने पाणी वर घ्यायचं आणि उंचावरून परत सोडायचं असं सुरू केलं. नानांनी दुसरी वाटी घेतली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आठ मासे एकेक करून खाली गेले आणि झुडपांत फिरायला लागले. छोटा अजून कुशीवरच होता. मग त्याने शेपूट झटकलं, सरळ झाला, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात दुसऱ्याच्या मागे लागला. तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला.

जमिनीवर सगळीकडे पाणी झालं होतं. नाना स्टुलावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "मी मालकीणबाईंना उद्या सांगतो, खोली राहू दे म्हणून."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही नको म्हणत होतात, मी तुमच्यामागे केलं. हात दाखवून अवलक्षण. नऊ जीव गेले असते आज. आता माझ्या हातचं काम राहिलेलं नाही, हे मला कळायला हवं होतं. आणि काम नाही तर मी इथे करायचं काय? तुम्ही बसा म्हणायचं आणि मी बसायचं?"

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. जावई फडक्याने फरशी पुसत होता, तो थांबला. त्याने फडकं पिळलं.

"नाना," तो म्हणाला, "मी केलेली तुमची कवळी कितव्या वेळी बसली?"

"चौथ्या."

"पहिल्या वेळी तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

नानांना आठवत होतं. हे दात घोड्यासाठी केले होते का, असं ते म्हणाले होते, आणि तेही लेकीच्या देखत.

"तेव्हा मी घर सोडून गेलो का?" जावई म्हणाला. "परत नेली, घासली. परत टोचली, परत घासली. आमच्याकडे पहिल्या वेळी कवळी बसतच नाही. कुणी बसली म्हणालं तर मला शंका येते, हा माणूस भिडेखातर खोटं बोलतोय. आणि झाकण नको म्हणून हट्ट कुणी धरला? मी. माझ्या हट्टापायी दोन मासे गेले, ते काय तुमच्या खात्यावर टाकू? झाकण हवंच आहे, नाना. फक्त त्यातून श्वास घेता यायला हवा. आणि बसा म्हणत होतो ते... मला वाटायचं, एवढं आयुष्य उभ्याने काढलंय तुम्ही, आता निवांत बसावं. तुम्हाला आवडत नव्हतं तर एकदा ओरडायचं होतं माझ्यावर."

नानांनी नाक ओढलं. चष्मा पुसला, तो ओला नसताना. मग उठून झाकणाकडे गेले आणि ते उजेडाकडे धरून बघितलं.

"काच काही कवळीसारखी घासून कमी होत नाही," ते म्हणाले.

"कापता तर येते ना?"

नानांनी खिशातून हिरकणी काढली. दुकानातून येताना ती त्यांनी खिशात घातली होती, भाच्याला न विचारता. जेवणाच्या टेबलावर गोधडी अंथरली, रबराची गोट ओरबाडून काढली, आणि मागचे दोन्ही कोपरे तिरके कापायचे असं ठरवलं. करंगळीचं टोक जाईल एवढे, मासा मावणार नाही एवढे. "इथे धरा," ते म्हणाले. जावयाने धरलं. "तसं नाही! हाताला रुमाल गुंडाळा आधी. अहो, दाबू नका, बाळाला धरतात तसं... वर नको, खाली! तुमचं लक्ष कुठे आहे?" नाना तीन महिन्यांचं साठलेलं सगळं ओरडले, आणि जावई मुकाट्याने, कान लाल करून, सांगितलं तसं धरत राहिला. पहिला कोपरा ‘कर्र’ करून सुटला तेव्हा तो लहान मुलासारखा हसला. दुसरा कोपरा नानांनी त्याला कापायला दिला. रेघ जरा वाकडी आली. नानांनी बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकडी रेघ तशीच राहू दिली.

दुपारी लेक पाव घेऊन आली तर टेबलावर काचेचे तुकडे, फरशी ओली, टाकी उघडी, आणि नवरा आणि बाप शेजारी शेजारी उभे.

"काय झालंय इथे?" तिने विचारलं.

"काही नाही," जावई म्हणाला. "झाकणाचं फिटिंग जरा बाकी होतं. पहिल्याच वेळी कुठे बसतं?"

नानांना भरून आलं. चूक माणसाने झाकावी तर अशी, त्यांना वाटलं. पण लेकीशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून पाव खाता खाता त्यांनी सगळं सांगून टाकलं, हातोडीसकट. लेक आधी घाबरली आणि मग इतकी हसली, की तिला ठसका लागला.

संध्याकाळी जावई त्याच्या कामाच्या जागेवरून मूठ करून घेऊन आला. हिरड्या करतात त्या मसाल्याची, गुलाबी, गुळगुळीत, बोटांना बरोबर बसणारी. नानांनी ती काचेच्या मधोमध चिकटवली. लेक म्हणाली, टाकी जीभ दाखवतेय असं वाटतं. कुणाला काही वाटो, झाकण एका बोटाने उचललं जात होतं, आणि मासे खाली झुडपांत होते, जिथे माशांनी असावं.

रविवारी सकाळी मालकीणबाईंचाच फोन आला. नाना फोन घेऊन टाकीपाशी उभे राहिले. जावयाला मुठीची एक कड टोचत होती, म्हणून तो कानशीने ती घासत होता, आणि नाना हातानेच त्याला सांगत होते, हळू, काचेला लागेल.

"मग काय ठरलं?" मालकीणबाईंनी विचारलं. "खोली ठेवताय ना?"

"नाही. सोडतोय."

"म्हणजे तिकडे जमलं म्हणायचं."

"जमेल हळूहळू. काल त्याच्यावर चांगला ओरडलो."

"अगं बाई! जावयावर?" मालकीणबाई घाबरल्याच. "आणि उद्या खरंच पटलं नाही, तर जाणार कुठे तुम्ही?"

"जायचं कशाला?" नाना म्हणाले. "इथेच भांडेन की. आता घरचाच आहे मी."